होस्टेलच्या त्या मुलीला काय सांगू?

ताई, मी पंचवीस वर्षांची, नागपूरला प्रतापनगरात राहते. बारावीपासून काही वर्षं मी एकतर उपाशी राहायचे, नाहीतर भरपूर खाऊन ओकून टाकायचे. उपचार घेतले, आता नीट जेवते. माझ्या कॉलेजच्या होस्टेलमधल्या एका ज्युनियरचं तेच सुरू आहे. ती मला रात्री-रात्री मेसेज करते. अशा मुलींसाठी एक गट सुरू करावा असं फार वाटतं. आई म्हणते, "झालं गेलं विसर. स्थळं बघायचीत, गावभर कशाला सांगतेस?" काय करू?

बाळा, तू नीट जेवतेस हे वाचून फार बरं वाटलं. गट जरूर सुरू कर, पण थोडा थांबून. आधी या एका मुलीचं बघू.

तिला डॉक्टरकडे ने. मेडिकलचा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा, मानसोपचार विभाग आहे, मिहानला एम्स आहे. केसपेपरच्या रांगेत तिच्यासोबत उभी राहा, ही मोठी मदत आहे. वारंवार ओकल्याने रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, वजन अगदी व्यवस्थित दिसत असलं तरी. त्यामुळे रक्ततपासणी टाळू देऊ नकोस. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टीत न्यायचं. रात्री दोन वाजता तिला बोलावंसं वाटलं तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. आणि 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ ती घालेल, ती घेऊ नकोस.

तुझं वजन किती उतरलं होतं, दिवसाला काय खायचीस, कसं लपवायचीस, यातलं काहीही तिला सांगायचं नाही. या आजारात दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की मन लगेच त्याच्याशी शर्यत लावतं. आधीचे-नंतरचे फोटोही नकोत. पहिल्यांदा कुणापाशी तोंड उघडलंस ते सांग. ताटावरून उठल्यावर बाथरूमकडे पाय ओढायचे, तो अर्धा तास कुणाजवळ बसून काढलास ते सांग. हे डॉक्टरपेक्षा तूच जास्त चांगलं सांगशील.

गट काढशील तेव्हा आयांनाही बोलाव. आपल्याकडे हा आजार उपासाआड सहज लपतो. सोमवार, चतुर्थी, नवरात्राचे नऊ दिवस, पोरगी जेवत नाही म्हणून कुणी काळजी करत नाही, उलट कौतुक होतं. आणि महालक्ष्मीच्या पंगतीत आग्रहाने पुरणपोळी वाढता वाढता तीच मावशी म्हणते, "अगं, केवढी जाड झालीस!" हे ऐकून ती पोरगी पुढचे दोन दिवस काय करते, हे मावशीला कोण सांगणार? 'नखरे आहेत' म्हणणाऱ्यांना मिनेसोटाचा प्रयोग सांग. १९४४-४५ साली अमेरिकेत ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना अन्नाशिवाय दुसरं काही सुचेना, कुणी पाककृतींची पुस्तकं जमवू लागलं, कित्येक जण चिडचिडे, उदास झाले. उपासमार मनाचं काय करते, ते त्यात स्पष्ट दिसतं.

पण एक अट माझी. सुरू करण्याआधी तुझ्या स्वतःच्या डॉक्टरांना विचार, आणि गटात एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच. तिच्या मेसेजपायी तुझं जेवण लांबायला लागलं, आरशासमोर जरा जास्त रेंगाळायला लागलीस, तर त्याच दिवशी मागे हो. तिला दुसरं कुणी मिळेल, तुझी तब्येत पुन्हा बिघडायला नको.

आईवर रागावू नकोस. बंद दाराआड उगाच वाहणारा नळ तिने वर्षानुवर्षं ऐकलाय, तिला ते पुन्हा ऐकायचं नाही. तुझं नाव गावभर न करताही गट चालतो, हे तिला सांग. लग्न ठरेल त्या मुलाला मात्र आधी कळलंच पाहिजे, आणि ते तुझ्या तोंडून. ऐकून जो मागे फिरेल, तो लग्नाआधीच गेलेला बरा.

मेडिकलची ओपीडी सकाळची असते. आज रात्री तिचा मेसेज आला की लांबलचक बोलत बसू नकोस, कोणत्या दिवशी जायचं तेवढं ठरव. ती डॉक्टरांना भेटून आली की मला कळव, मग गटाचं सविस्तर बोलू.