फेब्रुवारीत ऐंशी नको

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

घोडीचा फोटो पाहिला. छाती भरदार आहे, कान देखणे आहेत, आणि तू तिच्यावर पुरती भाळली आहेस हेही फोटोत दिसतंच. पण दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली घोडी फेब्रुवारीत ८० किलोमीटरच्या एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडदौडीला, उतरवायची म्हणतेस, ते मला पटत नाही. या हंगामात २० किलोमीटर कर. सगळं नीट जमलं तर शेवटी एखादी ४० ची राइड. ८० चं पुढच्या हिवाळ्यानंतर बघू.

‘ती दमतच नाही,’ असं लिहिलंयस. खरी मेख तिथेच आहे. घोड्याचा दमसास फार लवकर वाढतो. रोज नेमाने फिरवलंस तर दोन-तीन महिन्यांत फरक दिसायला लागतो. स्नायूंना त्याहून जास्त वेळ लागतो, आणि कंडरा, सांधे, हाडं तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. मधल्या काळात घोडी पळायला उतावीळ असते आणि तिचे पाय त्यासाठी तयार नसतात. तिला ते कळत नाही. कळायला हवं ते तुला. त्यातून ती नाचाची घोडी. नाचून पुठ्ठे भरतात, तासन्‌तास एका लयीत चालायची सवय मात्र त्यातून लागत नाही.

वयाचंही बघ. व्यापारी चार वर्षांची म्हणाला असेल, तरी डॉक्टरांना दात दाखव. पाच वर्षं भरेपर्यंत सगळ्यात कडेचे पटाशीचे दात पुरते आलेले नसतात, त्यामुळे तोंड उघडलं की बरंच कळतं. अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स संघटनेने हे नियमातच घातलंय: २५ ते ३५ मैलांच्या छोट्या राइडला घोडा किमान ४८ महिन्यांचा हवा, ५० मैल (म्हणजे तुझे ८० किलोमीटर) किंवा जास्त असेल तर ६० महिन्यांचा. त्याच देशात १९५५ पासून टेव्हिस कप होतो. डोंगरातले १०० मैल, २४ तासांच्या आत. मुरलेले लोक, मुरलेले घोडे, आणि तरी कित्येक वर्षी निम्म्याच्या आसपासच जोड्या शेवटपर्यंत पोचतात.

आता एक गोष्ट नीट ऐक. छोटं अंतर आपोआप सुरक्षित होत नाही. माझ्या मते नवख्या घोड्यांची जास्त नासाडी छोट्या राइडमध्येच होते, कारण ‘चाळीसच तर आहे’ म्हणून लोक घोडं भरधाव सोडतात. तू ४० किलोमीटर दुडकीने आणि चालत कर, तासाला १०-१२ किलोमीटरच्या वर जाऊ नकोस. आंतरराष्ट्रीय नियमांतसुद्धा नवशिक्यांच्या पात्रता फेरीला ताशी १६ किलोमीटरची कमाल मर्यादा असते. सुरुवातीला सगळे घोडे एकदम सुटले की तुझी घोडीही बिथरणार. त्यांना पुढे जाऊ दे, पाच-दहा मिनिटांनी निघ. कुणी हसलं तर हसू दे.

वाटेतल्या थांब्यावर डॉक्टर घोडी तपासतात, तिथलं काम घरीच शिकून घे. शेवटचा अर्धा-एक किलोमीटर खाली उतरून तिच्यासोबत चाल. पोचल्यावर तंग सोड, खोगीर काढ, मानेवर, छातीवर आणि पायांच्या आतल्या बाजूला पाणी ओत, हाताने निपट, पुन्हा ओत. डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून १५ सेकंद ठोके मोज आणि चौपट कर. १७ आले म्हणजे ६८. आंतरराष्ट्रीय राइडमध्ये मधल्या थांब्यावर १५ मिनिटांत ६४ किंवा खाली यावे लागतात, तेव्हा ६८ ला घाई करून डॉक्टरांपुढे नेऊ नकोस, अजून दोन बादल्या ओत. सोबतचा घोडा नजरेआड गेला की ठोके चढतात, म्हणून त्याला शेजारीच उभं करायला सांग.

मग डॉक्टर तिला हातात धरून पळवून आणायला सांगतील. मारवाडी घोडी रेवाल या आपल्या खास झुलत्या चालीत शिरते, बघणाऱ्याला छान वाटतं, पण त्या चालीत बारीक लंगड लपते. लगाम ढिला ठेवून सरळ दुडकीत तुझ्याबरोबर पळायला तिला शिकव, आणि मोतद्दारालाही शिकव. पळवायला सुरुवात केल्यापासून मिनिटभराने ठोके पुन्हा मोजतात. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा चढा निघाला, तर ती दमलीय किंवा तिला कुठेतरी दुखतंय असं समज, तिचा चेहरा काही का सांगेना.

पाण्याबद्दल लोकांचा गैरसमज आहे की तहान लागली की घोडं पिईलच. घोड्याच्या घामात मीठ भरपूर जातं, त्यामुळे शरीरातलं पाणी घटूनही सुरुवातीला तहान लागत नाही. परक्या बादलीला तर ती तोंडही लावणार नाही. घरची बादली ने. राइडच्या सकाळी चंदी (दाणा) चेपू नकोस, वैरण भरपूर घाल. आतड्यातला चारा पाणी धरून ठेवतो.

आणि आता तू. दुडकीत उठबस करताना तू कायम तिच्या पायांच्या एकाच तिरक्या जोडीवर (एका बाजूचा पुढचा, दुसऱ्या बाजूचा मागचा) बसतेस, व्हिडिओत दिसलं. रिंगणात ते खपून गेलं असेल. सरळ रस्त्यावर ३० किलोमीटर तसंच केलंस तर तिच्या पाठीची एकच बाजू भरून येईल. दर दोन-तीन किलोमीटरला बाजू बदल. जीन्स घालून जाऊ नकोस, आतल्या शिवणीने मांड्या सोलून निघतात, आणि मग मांड ढिली पडून तू खोगिरावर आदळत राहतेस. त्याची शिक्षा घोडीला.

सध्या आठवड्यातून चार दिवस मुरमाच्या रस्त्याने तासभर चालव, मधे थोडी दुडकी. डांबर टाळ, नांगरलेलं रानही टाळ. सकाळी खरारा करण्याआधी ती निवांत उभी असताना ठोके मोजून वहीत लिहीत जा. पंधरा दिवसांची पानं आणि चारही खुरांचे समोरून-बाजूने फोटो पाठव. नालबंद येण्याआधी पाठव, नंतर नको.

तुझा,
काका