वाचकांचे प्रश्न : गिटार, गेन आणि कान

गिटार आणि रॉक संगीत यांविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे, कारण तो अनेकांनी निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे आणि ‘रॉकमध्ये असेच वाजवतात’ एवढ्यावर त्याची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : दोन वर्षे अकूस्टिक गिटारवर सराव केल्यानंतर मी नुकतीच इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. साध्या आवाजात माझ्या सर्व कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) स्वच्छ ऐकू येतात, परंतु डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करण्याची सोय) लावले की त्याच कॉर्डचा नुसता गोंगाट होतो. सोबत वाजवणारे मित्र सांगतात की रॉकमध्ये पूर्ण कॉर्ड वाजवायचीच नसते, दोन सुरांची पॉवर कॉर्ड वाजवायची असते. हा केवळ शैलीचा संकेत आहे की त्यामागे काही कारण आहे?

उत्तर : कारण आहे, आणि ते तुमच्या बोटांत नसून सुरांच्या अंकगणितात आहे.

अ‍ॅम्पला पेलवेल त्याहून मोठा सिग्नल त्यात ढकलला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि या कापाकापीत मूळ आवाजात नसलेले नवे सूर तयार होतात. तार एकच वाजत असेल तर हे नवे सूर तिच्याच कंपनसंख्येच्या पटीत असतात, त्यामुळे आवाज भरदार आणि धारदार लागतो. दोन तारा एकत्र वाजल्या की मात्र त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकीसुद्धा आवाजात मिसळते. साध्या आवाजात हे जवळजवळ घडत नाही, म्हणूनच तीच कॉर्ड तेथे स्वच्छ वाटते.

पाचवी तार मोकळी वाजवली की ती सेकंदाला ११० कंपने करते. तिचा पंचम चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या आडव्या पट्टीवर) मिळतो आणि त्याची कंपने सुमारे १६५ असतात. या दोहोंची वजाबाकी ५५ येते, म्हणजे मूळ सुराचाच खालच्या सप्तकातला षड्ज, आणि बेरीज येते २७५, जी ५५ च्याच पाचपट आहे. मूळचे आणि नव्याने जन्मलेले असे सगळे सूर एकाच घरातले निघतात. पॉवर कॉर्डमध्ये गिटारच्या कोणत्याही तारेवर नसलेला जो खर्ज ऐकू येतो, तो हा ५५ कंपनांचा.

आता पूर्ण कॉर्डमध्ये असतो तो गंधार या दोघांच्या मध्ये बसवून पाहा. गिटारच्या फ्रेट सप्तकाचे बारा समान भाग करून बसवलेल्या असतात. या वाटणीत पंचमाचे फारसे नुकसान होत नाही. अर्धस्वराच्या शंभराव्या भागाला सेंट म्हणतात, आणि गिटारवरचा पंचम नैसर्गिक पंचमापेक्षा जेमतेम दोन सेंट उतरलेला असतो. गंधार मात्र सुमारे १४ सेंट चढा राहतो. नैसर्गिक गंधाराची कंपने १३७.५ असायला हवीत, ती गिटारवर सुमारे १३८.६ होतात. त्यामुळे षड्ज आणि गंधार यांची वजाबाकी सुमारे २८.६ येते, तर गंधार आणि पंचम यांची सुमारे २६.२. नैसर्गिक सुरांत या दोन्ही वजाबाक्या सारख्याच, म्हणजे २७.५ आल्या असत्या. एकमेकांच्या इतके जवळ असूनही न जुळणारे असे हे सूर तळाशी एकमेकांवर आदळत राहतात, त्यांच्या पटीतले सूर वर आणखी गर्दी करतात, आणि तुम्ही ज्याला गोंगाट म्हणता तो तयार होतो. मायनर कॉर्डमधला कोमल गंधार तर सुमारे १६ सेंट उतरलेला असतो, त्यामुळे तिचा आवाज आणखीच गढूळ होतो.

याचा अर्थ डिस्टॉर्शनमध्ये पूर्ण कॉर्ड वर्ज्य आहे असा मुळीच नाही, आणि तुमच्या मित्रांचे म्हणणे मला येथे अपुरे वाटते. एसी/डीसी या रॉक बँडचे गिटारवादक मॅल्कम यंग मोकळ्या तारांच्या भरघोस कॉर्ड वाजवत आणि त्या अतिशय दणकट लागत, कारण ऐकणाऱ्याला वाटते त्याहून त्यांचा गेन (सिग्नल किती वाढवायचा त्याचे प्रमाण) पुष्कळच कमी असे. नव्या वादकाच्या हाती अ‍ॅम्प आला की गेनची खुंटी सहसा शेवटापर्यंत फिरवली जाते. ती निम्म्यावर आणा, गिटारवरचा व्हॉल्यूमही थोडा उतरवा, आणि गंधार जाड तारांवर न घेता वरच्या पातळ तारांवर घ्या. बराचसा गढूळपणा तेवढ्यानेच निवळेल.

दुसरा उपाय मित्रांच्या संगतीचा आहे. बेरीज-वजाबाकीचा हा प्रकार एकाच अ‍ॅम्पमधून जाणाऱ्या सुरांमध्ये घडतो. तुम्ही षड्ज-पंचम धरला आणि मित्राने स्वतःच्या अ‍ॅम्पमधून एकटा गंधार वाजवला, तर पूर्ण कॉर्ड ऐकू येते आणि तरीही ती स्वच्छ राहते. क्वीन या बँडच्या ब्रायन मे यांनी गिटारचे अनेक सूर वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून जो वाद्यवृंदासारखा परिणाम साधला, त्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. पुढच्या वेळी एकत्र बसाल तेव्हा हा प्रयोग अवश्य करा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपण आज पेडलच्या एका दाबात मिळवतो तो फाटका आवाज मिळवण्यासाठी द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागदी पडदा पात्याने चिरला होता, आणि १९६४ मध्ये गाजलेल्या ‘यू रिअली गॉट मी’ या त्यांच्या गाण्याच्या रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत) तोच आवाज आहे. त्या रिफमध्येही पॉवर कॉर्डच आहेत.

प्रश्न : पाच महिने झाले तरी एफची बार कॉर्ड (तर्जनी सर्व तारांवर आडवी टाकून धरायची कॉर्ड) माझ्याकडून नीट लागत नाही. निम्म्या तारा बद्द वाजतात आणि हात दुखतो. माझ्या बोटांत ताकदच कमी आहे का?

उत्तर : ताकदीचा निष्कर्ष काढण्यापूर्वी गिटारची परीक्षा घ्या. हाताचा तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरा. तेथे सर्व तारा स्वच्छ वाजल्या तर तुमचा हात बरोबर आहे आणि अडचण नेकच्या टोकाला असलेल्या नटमध्ये असण्याची शक्यता मोठी आहे. नटच्या, म्हणजे तारा ज्यात बसतात त्या छोट्या पट्टीच्या, खाचा पुरेशा खोल नसतील तर पहिल्या फ्रेटवर तार दाबायला प्रमाणाबाहेर जोर लागतो. पहिल्या फ्रेटवर कापो (सर्व तारा दाबून धरणारा चिमटा) लावून दुसऱ्या फ्रेटवर बार धरून पाहा. तो एकदम सोपा झाला तर शंका उरत नाही. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून खाचा खोल करून घ्याव्यात, घरी कानस चालवू नये, कारण खाच जास्त खोल झाली तर मोकळी तार फ्रेटला घासून खरखरते.

पाचव्या फ्रेटवरही आवाज बद्दच येत असेल तर तर्जनीकडे लक्ष द्या. सहाही तारा सारख्याच जोराने दाबण्याचा प्रयत्न बहुतेक जण करतात, आणि त्याची गरज नसते. या आकारात पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर बोटांनी दाबलेली असते, त्यामुळे तर्जनीने खरोखर सांभाळायच्या तारा तीनच आहेत : सहावी, दुसरी आणि पहिली. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करून तिची हाडाळ कड तारांवर टेकवा आणि फ्रेटला अगदी खेटून ठेवा. जोर अंगठ्याच्या चिमटीतून न काढता कोपराच्या वजनाने हात मागे ओढून मिळवा.

बोटांची टोके दुखणे स्वाभाविक आहे आणि ते काही आठवड्यांत कमी होते. मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखू लागले तर मात्र त्या दिवसाचा सराव तेथेच थांबवा. तुमच्या अकूस्टिक गिटारवर ०.०१२ इंचापासून सुरू होणारा संच असेल तर ०.०१० चा संच लावा. हलक्या तारा लावण्यात कमीपणा मानणाऱ्यांना ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक टोनी आयोमी यांचे उदाहरण सांगावे. कारखान्यातल्या अपघातात वयाच्या सतराव्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचा हात तोच होता. त्यांनी बोटांसाठी प्लॅस्टिकच्या टोप्या स्वतः घडवल्या, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ मधल्या ब्लॅक सॅबथच्या तिसऱ्या अल्बममधील काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली. त्या सैल तारांतून आलेला जड आवाज पुढे सगळ्या हेवी मेटलचा आधार झाला.

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी डावखुरी आहे. तिला उजव्या हाताची गिटार द्यावी की डाव्या हाताची?

उत्तर : गिटार हाती देण्यापूर्वी तिला गाण्याच्या तालावर रिकाम्या हातांनी गिटार वाजवण्याचा अभिनय करायला सांगा. ज्या हाताने ती सहजपणे झंकार काढते, तो हात तिचा तालाचा हात समजावा आणि गिटार त्याप्रमाणे निवडावी. गिटारवादक मार्क नॉफ्लर डावखुरे असूनही उजव्या हाताच्या पद्धतीने वाजवतात, तर जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तिला तारा उलट्या क्रमाने लावत. घरातली उजव्या हाताची अकूस्टिक गिटार अशी उलटी करण्याचा मोह मात्र टाळावा. नटच्या खाचा तारांच्या जाडीनुसार कापलेल्या असतात आणि ब्रिजवरची पट्टी तिरपी बसवलेली असते, त्यामुळे तारा उलट लावल्या की वरच्या फ्रेटवर सूर खोटे पडतात आणि मुलीला दोष आपल्या बोटांचा वाटू लागतो.

प्रश्न : आम्ही चौघे दर आठवड्याला गिटार घेऊन जमतो. निम्मा वेळ रॉकविषयीच्या गप्पांत जातो आणि त्या शेवटी ‘सर्वांत वेगवान कोण’ या वादावर येऊन थांबतात. मी सगळे टॅबवरून (बोटे कोठे ठेवायची ते दाखवणाऱ्या लिपीवरून) शिकलो आहे. आमच्यातल्या एकाचे म्हणणे आहे की टॅबवाल्यांना कान नसतात. मला स्वरशास्त्र येत नसल्याने मी अशा वेळी गप्प बसतो. आपले मत काय?

उत्तर : टॅबला कमी लेखण्याचे कारण नाही. सोळाव्या शतकातले ल्यूटवादक तारांवरच्या बोटांच्या जागा दाखवणारी अशीच लिपी वापरत आणि तिच्यात उत्तम संगीत लिहिले गेले आहे. तरीही तुमच्या मित्राच्या बोलण्यात, त्यातला कडवटपणा वगळल्यास, थोडे तथ्य आहे. साधी टॅब बोट कोठे ठेवायचे ते सांगते, पण सूर किती वेळ धरायचा, तार कशाने आणि किती जोरात छेडायची, हे ती सहसा सांगत नाही, आणि रॉकचे बरेचसे वैशिष्ट्य नेमके तेथे असते. डीप पर्पल या बँडच्या १९७२ मधल्या ‘स्मोक ऑन द वॉटर’ची ती प्रसिद्ध रिफ घ्या, जी जवळजवळ प्रत्येक शिकाऊ वादक पहिल्या काही महिन्यांत वाजवतो. बहुतेक जण ती पॉवर कॉर्डनी वाजवतात, म्हणजे खाली षड्ज आणि वर पंचम. डीप पर्पलचे गिटारवादक रिची ब्लॅकमोर मात्र खाली पंचम आणि वर षड्ज ठेवतात, आणि पिक (तार छेडायची छोटी चकती) न वापरता दोन्ही तारा बोटांनी एकाच क्षणी खेचतात. पिकने एक तार किंचित आधी आणि दुसरी किंचित नंतर वाजते. दोन्ही प्रकार लागोपाठ वाजवून पाहा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातली ती ठाशीव सुरुवात कोठून येते ते तुमचे तुम्हालाच कळेल. हा फरक ऐकू येण्यासाठी स्वरशास्त्राची पदवी लागत नाही.

गप्पांबद्दल मला मनापासून असे वाटते की गिटार मांडीवर असताना जे वाजवून दाखवता येत नाही, त्यावर फार वेळ घालवू नये. वेगवान कोण हा वाद कधीच मिटत नाही, कारण तो तारेवर आणून तपासता येत नाही. याउलट ‘या सोलोमध्ये तिसरा सूर सरळ दाबलेला आहे की खालच्या फ्रेटवरून तार ओढून गाठलेला आहे’ हा प्रश्न पाच मिनिटांत सुटतो आणि चौघांच्याही हाताला काहीतरी देऊन जातो. स्वरशास्त्राची भीतीही मनातून काढून टाका. रॉकमधले असंख्य सोलो षड्ज, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद या पाच सुरांच्या आधारावर उभे आहेत. त्यांतला कोमल गंधार तार किंचित ओढून शुद्ध गंधाराकडे झुकवला की ब्लूजचा रंग येतो. किती झुकवला, हे ऐकणे हाच त्या शास्त्राचा अर्धा अभ्यास आहे. चर्चेत कळले नाही तर ‘पुन्हा वाजव’ असे म्हणावे, कारण गप्प बसण्याने तुमचे आणि त्यांचे दोघांचेही नुकसान होते.

पुढच्या भेटीसाठी एक प्रयोग सुचवतो. चौघांना आवडणाऱ्या एखाद्या सोलोतला दहा सेकंदांचा तुकडा निवडा. प्रत्येकाने तो घरी केवळ ऐकून स्वतःची टॅब लिहावी आणि मग चारही कागद शेजारी ठेवावेत. सूर बहुतेक जुळतील, तारा जुळणार नाहीत. पहिल्या मोकळ्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या आणि चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही मिळतो. सूर तोच असला तरी मोकळी तार झणझणीत वाजते, तर चौथ्या तारेवर तो जाड आणि गोल लागतो. कोणाचा कागद बरोबर, हे ठरवण्यासाठी ध्वनिमुद्रण पुन्हा लावा आणि चारही जागा एकेक करून त्याच्याशी ताडून पाहा.