खासगी तुरुंगांमुळे सरकारचा पैसा खरंच वाचतो का? भारतात ते शक्य आहे का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत कंपन्या तुरुंग चालवतात, ते स्वस्त पडतात असंही म्हणतात, मग आपले तुडुंब भरलेले तुरुंग ठेक्याने का देऊ नयेत.

यावर ‘खासगी चांगलं की सरकारी’ असा वाद घालत बसण्यापेक्षा करारनामा काढून दोन गोष्टी बघाव्यात. पैसे कोणत्या मापाने द्यायचे ठरलेत, आणि ते माप कोणाच्या हातात आहे.

अमेरिकेत हा धंदा १९८३ मध्ये नॅशव्हिलला निघालेल्या ‘करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका’पासून रुळला. २०१६ पासून तिचं नाव कोअरसिव्हिक. तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या कैद्यांपैकी साधारण ८ टक्के खासगी तुरुंगांत असतात. गाजावाजा होतो त्या मानाने हा आकडा लहानच. दर बहुधा माणशी, दररोज असा ठरतो, आणि पहिली गल्लत तिथेच होते.

समजा, सरकारी तुरुंगात एका कैद्यामागे रोज १०० डॉलर खर्च येतो आणि कंपनी ८५ मागते. वरवर १५ वाचले. पण त्या १०० मध्ये भिंती, टेहळणी मनोरे, रात्रपाळी, अधीक्षकाचं कार्यालय, निवृत्तिवेतन असं सगळं आलं. दोनचारशे कैद्यांमधून थोडे थोडे उचलून कंपनीकडे पाठवले तर यातलं काहीच घटत नाही. घटतं ते जेवण, कपडे, औषधं. धरा २० डॉलर. म्हणजे ८५ मोजून २० वाचवले. अख्खी बॅरेक बंद होऊन तिथले पहारे उठले तरच खरी बचत. निविदेसोबतच्या टिपणीत कोणती बॅरेक, कोणत्या तारखेला बंद होणार हे लिहिलेलं नसेल, तर बचतीचा आकडा सोडून द्या.

दुसरी मेख कैद्यांच्या निवडीत असते. कंपनीकडे जातात ते बहुतेक मध्यम सुरक्षेचे, धडधाकट कैदी. डायलिसिसवाला, मनोरुग्ण, म्हातारा सरकारकडेच राहतो, आणि सरकारी सरासरी महाग दिसते. अॅरिझोनात खासगी-सरकारी खर्चाची तुलना करणं कायद्याने बंधनकारक होतं. आजारपणाचा खर्च वजा करून पाहिल्यावर मध्यम सुरक्षेचे खासगी तुरुंग काही स्वस्त दिसेनात. २०१२ मध्ये ती तुलनेची अटच रद्द झाली.

मग कंपनीचा नफा येतो कुठून? मुख्यतः माणसांच्या पगारातून. एक पहारा २४ तास चालू ठेवायचा म्हणजे आठवड्याचे १६८ तास भरायचे. ४० तासांच्या आठवड्यातून रजा, आजारपण, प्रशिक्षण वजा केलं की एका माणसाचे ३३-३४ तास हाती लागतात. म्हणजे एका पहाऱ्याला पाच माणसं. चारच ठेवली की पाचव्याचा पगार शिल्लक पडतो, आणि आठवड्यातले तीसेक तास तो पहारा एकतर ओस असतो किंवा कोणाच्या तरी डबल ड्यूटीवर चालतो. हे फक्त हजेरीपटावर कळतं, आणि हजेरीपट कंपनी लिहिते. आयडाहो राज्यात बोईसीजवळच्या तुरुंगात असंच झालं. कैदी त्याला ‘ग्लॅडिएटर स्कूल’ म्हणायचे, इतक्या मारामाऱ्या. २०१२ मधल्या सात महिन्यांत सुमारे ४,८०० तासांचे पहारे कागदावर भरलेले आणि प्रत्यक्षात रिकामे होते, हे कंपनीने २०१३ मध्ये कबूल केलं. १० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि २०१४ मध्ये राज्याने तुरुंग परत घेतला.

सगळ्यात घातक कलम मात्र किमान भरतीच्या हमीचं. तुरुंग अमुक टक्के भरलेला ठेवू, नाही तर रिकाम्या खाटांचेही पैसे देऊ, असं सरकारच लिहून देतं. अॅरिझोनातल्या किंगमनच्या तुरुंगासाठी ही हमी ९७ टक्क्यांची होती. जुलै २०१० मध्ये तिथून तीन कैदी पळाले. कुंपणाचा अलार्म विनाकारण इतक्यांदा वाजायचा की कर्मचाऱ्यांनी त्याच्याकडे लक्ष देणंच सोडलं होतं. पळालेल्यांपैकी दोघांवर पुढे न्यू मेक्सिकोत एका दांपत्याच्या खुनाचे गुन्हे सिद्ध झाले. राज्याने धोकादायक कैदी तिथून हलवले आणि सुधारणा होईपर्यंत नवे पाठवणं थांबवलं. तर कंपनीने हमीच्या कलमावर बोट ठेवून सुमारे १ कोटी डॉलर मागितले, आणि राज्याने ३० लाख देऊन मिटवलं. चूक कंपनीची, भुर्दंड राज्याला. हे कलम असलं की दंडाचं कलम निकामी होतं.

ब्रिटनचे करार अमेरिकेपेक्षा बरे, तिथे सरकारचा देखरेख अधिकारी (कंट्रोलर) तुरुंगातच बसतो. लिव्हरपूलच्या ऑल्टकोर्ससारख्या खासगी तुरुंगाला तपासणीत अनेकदा चांगले शेरे मिळालेत, हेही सांगायला हवं. पण मोजमाप हातचं सुटलं की तिथेही तेच. कैद्यांच्या पायातल्या इलेक्ट्रॉनिक टॅगचं बिल दोन बड्या कंपन्या अशा लोकांसाठीही लावत होत्या, ज्यांचा टॅग केव्हाच निघाला होता. काही तर मरण पावले होते. २०१३ मध्ये हे उघड झालं आणि कंपन्यांना कोट्यवधी पौंड परत करावे लागले.

आता आपल्याकडचं. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे, म्हणजे कायदा राज्याने करायचा. १८९४ च्या तुरुंग कायद्यात अधीक्षक, जेलर ही सगळी सरकारी पदं आहेत. सबंध तुरुंग कंपनीला द्यायचा तर आधी नवा कायदा लागेल. तो टिकेल का? इस्रायलमध्ये टिकला नाही. संसदेने केलेला खासगी तुरुंगाचा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये ८ विरुद्ध १ असा रद्द केला. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती माणसाला कोंडण्याचा अधिकार देणं हाच त्याच्या स्वातंत्र्याचा आणि प्रतिष्ठेचा भंग, असं न्यायालय म्हणालं. व्यवहारात याचा अर्थ असा: माफीचे दिवस, संचित रजा, अभिवचन रजा हे सगळं कैद्याच्या वर्तनाच्या नोंदींवर ठरतं. नोंद करणाऱ्याला माणशी दररोज पैसे मिळत असतील तर ती नोंद कोणत्या बाजूला झुकेल?

शिवाय आपली गर्दी खाटा वाढवून हटणारी नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत तुरुंग सरासरी १३१ टक्के भरलेले होते आणि चारांतले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला अजून निकाली न निघालेले. त्यांना जामीनदार आणि कोर्टात तारीख हवी आहे, ठेकेदार नाही.

याचा अर्थ खासगी म्हटलं की वाईटच, असं मी म्हणणार नाही. भिवंडीची वीज २००७ मध्ये टोरेंट या खासगी कंपनीकडे गेली, तेव्हा निम्म्याहून जास्त वीज चोरी, गळती आणि थकबाकीत जायची. काही वर्षांत ती हानी २० टक्क्यांच्या आसपास आली. माप साधं होतं: कंपनीने भिवंडीच्या वेशीवर येणाऱ्या दर युनिटचे पैसे महावितरणला द्यायचे. गळती रोखली तर फायदा तिचाच, आणि मीटर दोन्ही टोकांना. यंत्रमागवाल्यांचा बिलांवरून आरडाओरडा आजही चालू असतो, पण तो त्यांना करता तरी येतो. तेच प्रारूप २०११ मध्ये औरंगाबाद, जळगाव आणि नागपूरला नेलं, आणि २०१४, २०१५, २०१९ असं एकेक परत आलं. मीटर असूनही ही गत; तुरुंगात तर दुसऱ्या टोकाला, कैद्यापाशी, मीटरच नाही.

निदान दुरुस्ती-देखभाल तरी बाहेर द्यावी का? द्यावी, पण इंग्लंडमधल्या पन्नासेक तुरुंगांची देखभाल बघणारी कॅरिलियन जानेवारी २०१८ मध्ये बुडाली आणि सरकारला त्यासाठी स्वतःची कंपनी काढावी लागली, हे लक्षात ठेवून. प्लंबर, वायरमन यांची थोडी पदं खात्यात ठेवा, आणि बिल फेऱ्यांवर नको, सुरू असलेल्या नळ-दिव्यांच्या मोजणीवर द्या.

आणि करारात ताबा परत घेण्याचं कलम असेल, तर ते वापरायला माणसं कुठून येणार हे आधीच ठरवा. बर्मिंगहॅमचा तुरुंग ऑगस्ट २०१८ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीकडून ताब्यात घेतला, तेव्हा ३० जादा अधिकारी पाठवावे लागले आणि ३०० कैदी दुसरीकडे हलवावे लागले. एवढे अनुभवी अधिकारी आणि तीनशे मोकळ्या जागा महाराष्ट्राच्या कोणत्या तुरुंगातून काढणार?