पेगन लोकांचा, म्हणजे ख्रिश्चन धर्माआधीच्या निसर्गपूजक श्रद्धा आज पाळणाऱ्यांचा, 'मेबन' हा सुगीचा सण खरंच प्राचीन आहे का? त्यात कृतज्ञता आणि समतोल म्हणजे नक्की काय करतात?

प्राचीन नाहीये. याच एका मुद्द्यावरून माझं आणि माझ्या मोठ्या भावाचं कित्येक वर्षं वाजतंय, म्हणून हे आधीच सांगून टाकते. मेबन हे नाव एडन केली या अमेरिकन पेगन माणसाने १९७० च्या दशकात दिलं, वेल्सच्या एका जुन्या कथेतल्या पोरावरून, ज्याला जन्मून तीन रात्री झाल्या नाहीत तोच आईपासून पळवलं जातं. सुगीशी त्या कथेचा काही संबंध नाही. केल्ट, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडकडचे प्राचीन लोक, शरद संपाताला (सप्टेंबरात दिवस-रात्र जवळपास सारखे असतात तो दिवस) हाच सण करायचे असं कोणी छातीठोक सांगितलं तर पुरावा मागा. जुनं आहे ते इंग्लंडच्या शेतावरचं, म्हणजे गव्हाची शेवटची पेंढी वाजतगाजत आणायची, काड्यांची बाहुली विणायची, मालकाने मजुरांना जेवण घालायचं.

मी डेव्हनमध्ये राहते. इथे कौन्सिलकडून भाजीपाल्यासाठी जमिनीचा तुकडा भाड्याने मिळतो, अलॉटमेंट म्हणतात, आणि आमच्या शेजारचा तुकडा ज्या बाईंचा आहे त्या रिटायर्ड नर्स, पक्क्या पेगन. दादा माझ्याकडे आला होता तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना मेबनला बोलावलं. त्या वर्षी उन्हाळाभर पाऊस, बटाट्यावर करपा आलेला, बाईंचे वाफेच्या वाफे काळे, खणलं की हाताला नुसता लगदा. मला वाटलं यंदा काही करणार नाहीत. गेलो तर टेबलावर सफरचंदं, ब्लॅकबेरी, रनर बीन्स, घरी भाजलेला पाव, आणि बरोब्बर मधोमध एका बशीत ते करप्याचे बटाटे!

तिथे प्रत्येकाने काय मिळालं आणि काय गेलं, दोन्ही मोठ्याने सांगायचं असतं. बाईंनी बीन्सचे आभार मानले, मग बटाट्याचं नाव घेतलं, आणि त्याच आवाजात मार्चमध्ये गेलेल्या नवऱ्याचं. मग सफरचंद आडवं कापलं, तसं कापलं की बियांभोवती पाच टोकांचा तारा दिसतो, त्यांना तो पवित्र. सगळ्यांना एकेक फोड दिली, सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पहिला पेला झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि जमलेल्या भाजीतली निम्मी फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देतात तिथे द्यायला, वेगळी काढली.

दादाने फोड घेतली नाही, हात मागे बांधून उभा राहिला. गाडीत म्हणाला, "अगं, पन्नास वर्षांचं खूळ आहे हे, ना शास्त्र ना परंपरा." मला त्याचा आजही राग येतो. अरे, तू गणपती मंडळाचा अध्यक्ष होतास, सार्वजनिक गणपती १८९० च्या दशकात उभा राहिला, तेव्हा तो नवाच होता ना? इथल्या चर्चमधला हार्व्हेस्ट फेस्टिव्हल सगळ्यांना अनादि काळापासूनचा वाटतो, तोही हॉकर नावाच्या पाद्र्याने १८४३ मध्ये कॉर्नवॉलच्या मॉर्वेनस्टो गावात सुरू केलेला. सण कुठलाही असो, कोणीतरी कधीतरी पहिल्यांदा करतंच.

समतोलाचं म्हणाल तर, इन्स्टावर मेणबत्त्या आणि 'मनःशांती' दिसते तो प्रकार मला पटत नाही. संपाताला दिवस-रात्र सारखे म्हणतात, खरं तर त्या दिवशी इथे दिवस काही मिनिटं मोठाच असतो, हवेत प्रकाश वाकतो म्हणून. पण त्यानंतर काही आठवडे रोज साडेतीन मिनिटांहून जास्त उजेड कमी होत जातो आणि ते अंगाला कळतं. पुढे अंधार येतोय हे ठाऊक असताना आलं-गेलं मांडायचं आणि आलेल्यातलं काही देऊन टाकायचं, मी पाहिलेला समतोल हा. नुसतं आभार मानून घरी जाणं सोपं आहे.

सगळे पेगन हे करत नाहीत हेही सांगायला हवं. ड्रुइड हा पेगनांतलाच एक पंथ, ते याला आल्बन एल्वेद म्हणतात, नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियाचे जुने देव मानणारे बरेच जण ऑक्टोबरात वेगळा सण धरतात, आणि ऑस्ट्रेलियात शरद ऋतू मार्चमध्ये म्हणून तिथे मेबनही मार्चमध्ये. काही गट बाहेरच्यांना घेत नाहीत, आधी विचारा, फोटो काढू नका, जाताना स्वतः पिकवलेलं किंवा रांधलेलं काहीतरी न्या. आणि समोर फोड धरली तर घ्या. पटत नसेल तर वाद नंतर घाला, पण ज्या माणसाने बोलावलंय त्याच्या हातचं नाकारू नका, दादा, हे तुलाही लागू आहे.