पिकअपला कोन फिल्टर टाकण्याआधी पाण्याची नळी लावून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की बीएस-४ बोलेरो पिकअप आहे, तासगावहून द्राक्षं भरून वाशीला जाता, आणि परतीचं भाडं घेऊन खंबाटकी चढताना गाडी ओढत नाही, ट्रकच्या मागं बसावं लागतं. आता एक दुकानदार म्हणतोय कोन फिल्टर (कंपनीचा बंद बॉक्स काढून लावायचा शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर, बहुतेक तेल लावलेल्या कापसाचा) आणि स्टीलचा पाईप टाका, गाडीची ओढ पण वाढेल आणि ॲव्हरेज पण. माझं उत्तर, आत्ता नको, आणि बहुतेक नंतर पण नको. का ते सांगतो.

डिझेलचं गणित पेट्रोलसारखं नाही. पेट्रोल इंजिनात हवेवर झडप असते, हवा जेवढी आत जाईल त्या मापात पेट्रोल पडतं. सगळं धड असेल तर डिझेलला हवा कायम गरजेपेक्षा जास्तच मिळत असते, ताकद ठरते ती डिझेल किती मारलं जातं त्यावर, आणि ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते, फुल लोडवरसुद्धा इंजिन त्यापेक्षा जास्तच घेत असतं. म्हणजे फिल्टर मोकळा केला म्हणून ईसीयू काही जादा डिझेल देणार नाही, हवा तेवढी वाढेल, जाळायला डिझेल तेवढंच. दुकानदार जो फरक सांगतो तो निम्मा कानाला असतो, टर्बोची, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, सूं सूं उघड्या फिल्टरमधून जोरात येते आणि गाडी पळाल्यासारखी वाटते.

म्हणून आधी धूर बघा. चढाला ॲक्सिलेटर पूर्ण दाबल्यावर मागनं काळा धूर सुटत असेल तर हवा कमी पडतेय (किंवा इंजेक्टर गेलेत, ते वेगळं). धूर नाही आणि तरी ओढत नाही, तर एकतर डिझेल फिल्टर चोक असेल, नाहीतर टर्बोचा दाब कुठंतरी गळतोय. दाब पडला की बऱ्याच गाड्यांत ईसीयू स्वतःच डिझेल कापतो, मग धूर न होता गाडी बसते.

आता माप कसं घ्यायचं ते. गवंडी लोकं लेव्हल धरायला जी पारदर्शक नळी वापरतात ना, ती तीनेक मीटर आणा, ३०-४० रुपयांचं काम. फळीवर यू आकारात बांधा, दोन्ही बाजूला मीटरभर तरी उंची ठेवा, तळाला अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टरच्या पुढं, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या स्वच्छ बाजूला जोडा, दुसरं उघडं. जोडायला फिल्टरच्या बॉक्सच्या प्लॅस्टिकला बारीक भोक पाडावं लागेल, काम झालं की ते नीट बूच मारून बंद करायचं, उघडं राहिलं तर सगळी धूळ तिथनंच जाणार. भोक पाडताना फिल्टर काढून ठेवा आणि प्लॅस्टिकचा कीस झाडून घ्या, एक तुकडा टर्बोच्या पंख्यात गेला तर महागात पडेल. मग गाडी भरलेली पाहिजे, शेजारी माणूस पाहिजे, आणि चढाला तिसऱ्या गिअरात फुल ॲक्सिलेटर. शेजारच्यानं फक्त दोन्हीकडच्या पाण्याच्या उंचीतला फरक वाचायचा, तुम्ही रस्त्याकडं बघा.

हवेचा पूर्ण दाब म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याएवढा. नळीत २० सेंमीचा फरक आला तर फिल्टर आणि बॉक्स मिळून २ टक्के खातात. जगातला सगळ्यात भारी फिल्टर टाकला तरी मिळणार ते हेच २ टक्के, त्यातले पण काही. तुलनेला महाबळेश्वर घ्या, १३५० मीटरच्या आसपास उंची, तिथं हवाच साधारण १५ टक्के कमी दाबाची असते, तरी स्ट्रॉबेरीच्या पिकअप रोज वर जातातच की, टर्बो भरून काढतो. ६० सेंमीच्या जवळ गेलं तर मात्र फिल्टर नक्की चोक आहे, मोठ्या डिझेल इंजिनांना तेवढ्यालाच फिल्टर बदला म्हणतात. तुमचं २० सेंमीच्या आसपास आलं तर दुकानदाराला नमस्कार करा आणि पुढं निघा.

कोन फिल्टरचा खरा तोटा बॉनेटच्या आत आहे. कंपनीचा बॉक्स बाहेरची थंड हवा घेतो, कोन उघडा, तो रेडिएटर आणि टर्बोजवळची गरम हवा ओढतो. दर ३ डिग्रीला हवा साधारण १ टक्का पातळ होते. चढाला रांगत जाताना बॉनेटमधली हवा बाहेरच्यापेक्षा ३० डिग्री जास्त झाली तर १० टक्के गेले, २ मिळवायला. इंटरकूलर (टर्बोतनं आलेली तापलेली हवा गार करणारी जाळी) थोडं भरून काढतो, सगळं नाही.

आणि धूळ. २.५ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला टर्बोशिवायच मिनिटाला पावणेचार हजार लिटर हवा खातं, म्हणजे दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर पावणेतीन मिनिटांत रिकामा. ती हवा जत-कवठेमहांकाळकडची असेल, नाहीतर गळीत हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांमागची, तर विचार करा. तेल लावलेला कापसाचा फिल्टर कागदाएवढी बारीक धूळ अडवत नाही, ती टर्बोच्या पंख्याच्या कडा खाते, नंतर रिंगा आणि बोअर, मग गाडी ऑइल खायला लागते. शिवाय तेल जास्त झालं तर हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. तुमच्या कागदी फिल्टरला पंक्चरवाल्याच्या हवेनं फुंकर मारत असाल तर तेही बंद करा, त्या दाबानं कागदाला बारीक भेगा पडतात, डोळ्याला दिसत पण नाहीत.

माझ्या अनुभवात अशा दहातल्या सात-आठ गाड्यांचा दोष टर्बोच्या पुढच्या रबरी होसमध्ये निघतो. इंजिन बंद, गार झालेलं, होस हातानं पिळून बघा, खालच्या बाजूला तेलकट काळा डाग आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली की तिथनंच दाब जातोय. साबणाचं पाणी मारून एक माणूस ॲक्सिलेटर देऊ दे, बुडबुडे येतील, पंख्यापासून हात लांब ठेवा. क्लिपा स्क्रूच्या चांगल्या घ्या, पट्टीच्या स्वस्त वाल्या होस कापतात. जुन्या गाडीत इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडं हवा नेणारा भाग) ईजीआरची, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची, काजळी पण जाम बसते, एकदा काढून साफ करून घ्या, चिवट काम आहे पण फरक पडतो.

एवढं करून पैसे खर्च करायचेच असतील तर बॉनेटच्या वरनं हवा घेणारा पाईप आणि आधी धूळ पाडणारा प्रीक्लीनर बघा, ट्रॅक्टरवर असतो तसला. फिल्टर जास्त टिकतो, आणि कृष्णेकाठचा २०१९ चा महापूर आठवत असेल तर उंचावरनं हवा घेण्याचा आणखी फायदा कळेल, एकदा सिलिंडरमध्ये पाणी गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मात्र कमर्शियल गाडी आहे, बाहेर दिसणारा बदल पासिंगला अडू शकतो, आरटीओत आधी विचारूनच बसवा.

नळीचं माप, धुराचा रंग आणि गाडी किती किलोमीटर झालीय एवढं टाका इथं, मग पुढचं बघू.