भाऊ समलिंगी आहे. आई विचारते, देव अजून त्याच्यावर प्रेम करतो का? चर्चचं म्हणणं काय?

करतो. आईला बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा ८वा अध्याय वाचून दाखवा. देवाच्या प्रीतीपासून आपल्याला कुणीच वेगळं करू शकत नाही, असं पौल म्हणतो. समलिंगी सोडून, असं कुठे लिहिलेलं नाही.

आमच्याकडे हे मामांना पटत नाही. अंधेरीकडचं आमचं गावठाण. मे महिन्यात क्रुसापुढे लदीन (सामुदायिक प्रार्थना) झाली, उकडलेले चणे वाटणं चाललं होतं. गिटारवर दरवर्षीप्रमाणे माझा मावसभाऊ. त्याचं घरात नुकतंच कळलेलं. मामा चणे खात खात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाप्यावर प्रेम करावं, पापाचा द्वेष करावा. पुढच्या वर्षी गिटारला दुसरा कुणीतरी बघा." वर सदोम-गमोरा, बायबलमधली देवाने नाश केलेली पापी शहरं, आलंच. मी म्हटलं, मामा, सदोमचा दोष यहेज्केल १६:४९ मध्ये दिलाय: गर्व, भरलेलं पोट, आणि गोरगरिबांना हात न देणं. तर म्हणे, "पुढची ओवी वाच." वाचली. तिथे अमंगळ कृत्यं म्हटलंय, कुठली ते नाही. (मामांचं बायबल पाठ आहे, हे मान्य करावं लागेल.) तोवर मावसभाऊ गिटार उचलून निघून गेला होता. आता मिस्साला येतो, मागच्या बाकावर बसतो, कम्युनियनला उठत नाही. मामांना वाटतं, आपण जिंकलो.

चर्चचं म्हणाल तर कॅथलिक कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या अधिकृत शिकवणीच्या पुस्तकाचा, परिच्छेद २३५८ सांगतो की अशा माणसांना आदराने, सहानुभूतीने वागवा, अन्यायाने भेदभाव करू नका. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचेच तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस उघडपणे बोलले की चर्चने या लोकांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. डिसेंबर २०२३ पासून तर अशा जोडप्याला फादर साधा आशीर्वादही देऊ शकतात, लग्नासारखा विधी न करता.

हां, त्याच कॅटेकिझममध्ये २३५७ समलिंगी शरीरसंबंध चूक ठरवतो आणि २३५९ संयम पाळायला सांगतो. चर्चमध्ये लग्न लागणार नाही. प्रोटेस्टंटांत एकमत नाही. अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २००३ मध्येच उघडपणे समलिंगी असलेल्या धर्मगुरूला बिशप केलं. तुम्ही कुठल्या चर्चचे, ते लिहिलं नाहीत.

भावाला कुमसाराला (फादरपुढे पापांची कबुली द्यायला) ढकलू नका, जायचं तर तो जाईल. आणि घरात कुणी 'पाप्यावर प्रेम' सुरू केलं, की विचारा, त्या पाप्याला जेवायला कधी बोलावलंत? आमच्या मामांनी अजून नाही बोलावलं. नाताळलासुद्धा नाही.