दुसऱ्या खोलीत झोपू नका

‘ताई, नऊ महिन्यांपूर्वी मी जिन्यावरून पडले. डोकं जोरात आपटलं, काही मिनिटं शुद्ध नव्हती. सीटी स्कॅन झाला, काही नाही म्हणाले, घरी पाठवलं. गेले दोन महिने रात्री काहीतरी भलतंच होतंय. एकदम जाग येते, उजवा हात ताठ होऊन वर जातो, घशातून घोगरा आवाज निघतो. सगळं ऐकू येत असतं, पण बोलता येत नाही. अर्ध्या मिनिटात संपतं. कधी एका रात्रीत तीन-चारदा. एकदा सकाळी उठले तर जीभ एका कडेला सुजली होती आणि अंग ठेचल्यासारखं दुखत होतं. दिवसाही बोलता बोलता मध्येच शब्द सापडत नाही. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, झोपेची गोळी घ्या. यांना वाटतं मला वाईट स्वप्नं पडतात. यांची झोप मोडू नये म्हणून मी आता दुसऱ्या खोलीत झोपते. मला वेड लागतंय का?’

नाही, तुम्हाला वेड लागलेलं नाही. वेड लागल्यावर माणूस आपल्या हाताची बाजू, आवाजाची जात आणि लागलेला वेळ असा नेमका लिहून काढत नाही. पण तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने मला काळजी वाटली. ते वाक्य ताठ होणाऱ्या हाताचं नाही, दुसऱ्या खोलीचं आहे. आज रात्रीपासून तिथे झोपणं बंद करा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे झोपेत येणारे आकडीचे झटके असण्याची दाट शंका येते. मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून निदान होत नाही. तरीही दर वेळी तोच हात, तोच आवाज, तेवढाच वेळ आणि एका रात्रीत अनेकदा, ही मेंदूच्या पुढच्या भागातून येणाऱ्या आकडीची ओळखीची खूण आहे. आकडी म्हटलं की माणूस बेशुद्ध पडून तडफडतो, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं. प्रत्येक आकडीत शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येतं, फक्त जीभ हलत नाही, असंही होतं. भीतीच्या स्वप्नांत दर रात्री काहीतरी वेगळं घडतं, आणि झोपेत दचकून ओरडण्याचे प्रकार बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात एखाददुसऱ्या वेळी होतात. तुमची सुजलेली जीभ आणि दुखरं अंग मात्र सांगतं की एका रात्री झटका सगळ्या शरीरात पसरला असावा. ते तुम्हाला आठवत नाही, कारण त्या वेळी तुम्ही शुद्धीवर नव्हता.

‘स्कॅन तर नॉर्मल होता,’ असं घरचे म्हणतील. तो स्कॅन त्या रात्री आत रक्तस्राव आहे का, हाड मोडलंय का, एवढंच पाहण्यासाठी होता. पडल्यावर मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. तिथला लहानसा व्रण सीटीत सुटू शकतो, एमआरआयमध्ये तो दिसण्याची शक्यता जास्त असते. त्या व्रणाभोवतीच्या पेशी चिडखोर व्हायला काही महिने जातात, म्हणून मार लागल्यावर बऱ्याच उशिराने आकडी सुरू होऊ शकते. अमेरिकेत सुमारे साडेचार हजार जखमींचा अभ्यास झाला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सौम्य मार लागलेल्यांपैकी पाच वर्षांत ०.७ टक्के लोकांना आकडी आली, गंभीर मार लागलेल्यांपैकी १० टक्क्यांना. म्हणजे तुमच्यासारख्या मारानंतर हे क्वचितच होतं. पण लक्षणं समोर उभी असताना ‘क्वचित’ हा शब्द तपासणी टाळायला वापरू नये.

म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे जा, या आठवड्यातच. आणि एकट्या जाऊ नका. तुमच्या रात्रीचा अर्धा भाग तुम्हाला माहीतच नाही, तो फक्त तुमच्या यजमानांना सांगता येईल. त्यांना हे पत्र वाचायला द्या. फोन पलंगाकडे तोंड करून ठेवा आणि झटका आला की चित्रण सुरू करू द्या. डोळे उघडे आहेत का, मान कुठे वळते, किती सेकंद चालतं, हे त्यांनी पाहावं. मध्येच एक शब्द मोठ्याने सांगावा, ‘पेन्सिल’ म्हणा, आणि नंतर तो आठवतो का ते विचारावं. अशा एका मिनिटाच्या चित्रणातून डॉक्टरांना जे कळतं, ते अर्धा तास बोलून कळत नाही.

ते ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद करायला सांगतील. जागेपणीचा अर्ध्या तासाचा ईईजी नॉर्मल आला तर खचू नका आणि विषयही सोडू नका. खोलवरून उठणारी आकडी डोक्याच्या कातडीवरच्या तारांना पुष्कळदा पकडता येत नाही. मग रात्रभराचा व्हिडिओ ईईजी करता येईल का, असं स्पष्ट विचारा. त्यातून हे मनावरच्या ताणातून येणारे झटके निघाले, तर तेही खरे असतात, कुणी नाटक करत नसतं. त्यांचे उपचार वेगळे असतात, एवढंच.

झोपेची गोळी मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर उलट आकडी येऊ शकते. डॉक्टरांना विचारूनच कमी करा. तोवर गाडी चालवू नका, पोहायला जाऊ नका, न्हाणीघराला आतून कडी लावू नका आणि जागरण टाळा. मूल हवं असा विचार असेल तर औषध ठरण्याआधीच सांगा, कारण आकडीची काही औषधं गर्भाला घातक असतात.

आता यजमानांसाठी. सगळं अंग आखडून झटके आले तर पत्नीला कुशीवर वळवा आणि घड्याळ पाहा. हातपाय दाबून धरू नका, तोंडात काहीही घालू नका. पाच मिनिटांत थांबलं नाही, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरा झटका आला, तर सरळ इस्पितळ गाठा. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या होऊ लागल्या, गुंगी आली किंवा एका बाजूची ताकद गेली, तरी त्याच दिवशी जा. रात्री एकट्या माणसाला असा मोठा झटका येणं क्वचित जिवावर बेततं, आणि जवळ कुणी असलं तर तो धोका कमी होतो. यजमानांची झोप जपण्यासाठी तुम्ही हा धोका पत्करत होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य औषधं मिळाली तर आकडीच्या सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. तुमचं निदान काय निघतं ते मला जरूर कळवा. आणि पुन्हा कुणी ‘टेन्शन आहे’ म्हणालं, तर चित्रण त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, टेन्शनमध्ये दर वेळी उजवाच हात का वर जातो?